अंगठ्याला काम देणारे खेळ

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला दोन-चार नवे चेहरे दिसतात. पुण्या-नाशिकची मुलं, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इकडे आलेली, आरतीला उभं राहताना बूट कुठे काढायचे ते विचारणारी. त्यांच्यातल्या एखाद्याच्या खिशात खेळ खेळायचं छोटं यंत्र असतं, आणि या काकांना जुन्या कॉम्प्युटरवरच्या खेळांतलं बरंच कळतं, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं असतं. मग प्रसादाची वाटी हातात घेऊन तो येतो. "काका, जुन्यातले कुठले टाकून घेऊ?"

मी सांगतो आणि तो निराश होतो. माझी परीक्षाच वेगळी आहे. चित्रं कशी आहेत, गोष्ट काय आहे, याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन्ही अंगठे सतत गुंतले पाहिजेत, आणि खेळ मध्येच थांबवता येता कामा नये. ही परीक्षा कुठून आली ते मी मंडळात सांगत नाही. गणपतीसमोर तंबाखूचा विषय बरा दिसत नाही.

मी साताऱ्याकडचा, बँकेतला अधिकारी. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात पेन आणि चुन्याची डबी या दोन वस्तू होत्या, आणि दिवसभरात डबी जास्त वेळा निघायची. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर नखाच्या टोकावर मावेल एवढा चुना, उजव्या अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट खालच्या ओठाआड ठेवायची. बावीस वर्षं हे केलं. कॉलेजातही इतकी वर्षं कुणी काढत नाही.

राजा पार्कात आम्ही भाड्यानं राहत होतो. तिथल्या दाताच्या डॉक्टरांकडे मी दाढ दाखवायला गेलो. त्यांनी दाढ पाहिली, मग खालचा ओठ बाहेर ओढला. दिवा जवळ घेतला. ओठाच्या आत, जिथे चिमूट बसायची तिथे, पांढरा डाग होता.

"छह हफ़्ते बिल्कुल बंद," ते म्हणाले. "उसके बाद भी रहा, तो टुकड़ा काटकर जाँच को भेजेंगे."

"किस चीज़ की जाँच?"

"आप पढ़े-लिखे हैं."

शिकलेल्या माणसाला वाईट बातमी देणं सोपं असतं, ती द्यावी लागतच नाही. मी घरी येऊन बायकोला सहा आठवडे म्हणालो. तिनं विचारलं, "आणि मग?"

"मग बघू."

"अहो, मग बघू काय? मगसुद्धा नाही." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली. डबी तिनं फेकली नाही. ती मीच फेकावी म्हणून टेबलावर ठेवून दिली, आणि मी फेकेपर्यंत त्या टेबलावर जेवण वाढलं नाही.

तलफ जिभेला येते अशी माझी समजूत होती. पहिल्या दोन दिवसांत कळलं की ती अंगठ्याला येते. तोंडाची समजूत बडीशेपेवर निघायची. अंगठा ऐकेना. तो टेबलाची कड मळायचा, पेनचं टोपण मळायचा, बसमध्ये तिकीट मळून त्याची गोळी करायचा. एकदा मी ग्राहकाची पावती मळून परत दिली. तलफ साधारण चार मिनिटं टिकते, हे मी घड्याळ लावून पाहिलं. त्या चार मिनिटांत अंगठ्याला दुसरं काम हवं होतं.

मेहुणा परदेशातून आला होता तेव्हा त्यानं मला एक यंत्र देऊन ठेवलं होतं. साबणाच्या डबीएवढं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. जुन्या कॉम्प्युटरवरचे शेकडो खेळ त्यात त्यानं स्वतः भरले होते. मी ते कपाटात ठेवून विसरलो होतो. त्यातले बरेच खेळ मला तोंडओळखीचे निघाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेनं आम्हाला कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, आणि तिथे पंधरा दिवसांत वीस अधिकारी हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर एवढी एकच विद्या मन लावून शिकले होते.

मी त्या यंत्रातले खेळ तपासायला घेतले, कर्जाच्या अर्जाची कागदपत्रं तपासतात तसे. बुद्धिबळ पहिल्याच दिवशी बाद झालं. विचार करायला बसलं की माझा अंगठा आपोआप तळहात शोधतो. बावीस वर्षांत मी तंबाखूशिवाय विचार केलाच नव्हता, हेही त्या निमित्तानं कळलं. साप लांब होत जातो तो खेळ एका अंगठ्यावर चालतो, आणि दुसरा हात मोकळा राहिला की खिशाकडे जातो. तोही गेला. वरून विटा पडतात तो खेळ मला मनापासून आवडतो, पण त्याची सुरुवात फार संथ. तलफ आलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं झोपाळ्यावर बसवून कसं चालेल? म्हणून तो थेट वरच्या पातळीपासून सुरू करायचा. मग उत्तम.

सगळ्यात कामाचा निघाला तो नदीवरून विमान न्यायचा. दोन्ही काठ जवळ येत जातात, समोरून जहाजं येतात, आणि इंधन संपत असतं. एक अंगठा दिशेला, एक गोळीला. शेवटपर्यंत कुणी पोहोचत नाही, पोहोचायचंही नसतं. सरासरी चार मिनिटांत माणूस मरतो. माझ्यासाठीच बेतलेला. बसच्या प्रवासाला मात्र तळघरातून सुटायचा खेळ. त्यात एक तासाची मुदत असते आणि खड्ड्यांवरून उड्या मारत वर यायचं असतं. माझी शाखा होती चाकसूला, आणि टोंक रोडनं बस जवळजवळ तेवढाच वेळ घ्यायची. मी पूर्ण सहा आठवड्यांत एकदाही सुटलो नाही, पण चाकसू रोज आलं.

चाकसूच्या शाखेत माझी खरी अडचण होती ती आमचे कॅशियर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पांढऱ्या मिशांचे, माणूस सोन्यासारखा. रोज अकराला आणि चारला ते माझ्या टेबलाशी यायचे. एकानं मळायचं आणि तिघांनी चिमूट उचलायची, अशी आमची पद्धत होती. एकट्यानं मळून एकट्यानं खाणं असभ्य. मी सोडली म्हटल्यावर ते दुखावले. "हमसे कोई भूल हुई, साहब?" मी डाग सांगितला. तरी अकराला हात पुढे आलाच. बावीस वर्षांची नाही तरी त्यांच्याही हाताला सवय होतीच.

त्याच सुमारास आमच्या वरच्या कार्यालयाला व्यसनमुक्तीचा झटका आला. मोठे साहेब गाडीतून आले, मागे फलक, त्यामागे हार. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घ्यायची होती. शाखेतले अकरा हात पुढे आले, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या अंगठ्यांची नखं चुन्यानं पांढरी होती. साहेबांनी व्यसनाच्या दुष्परिणामांवर पाऊण तास भाषण केलं आणि मध्येच सुपारी कुठे मिळेल ते हळूच विचारून घेतलं. शपथेला एक मिनिट लागलं. मी त्या एका मिनिटात दाराकडे बघत होतो, कारण अकरा वाजून गेले होते आणि यंत्र माझ्या खणात होतं. पुढची चार मिनिटं शपथ मला मदत करणार नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले, कॉम्प्युटर थांबले, काउंटरपलीकडची रांग सावलीत जाऊन बसली. कामाविना चार वाजले आणि मला पहिल्या दिवसासारखी तलफ आली. मी यंत्र काढलं, विमान नदीवर आलं आणि पडदा काळा झाला. सेल संपले होते. समोरच्या दुकानातले सेल एखादं भिंतीवरचं घड्याळ चालवण्यापुरते असायचे, हे मला माहीत होतं.

कॅशियर आले. तळहातावर मळून तयार. वास आला. त्यांनी काही आग्रह केला नाही, फक्त हात टेबलावर टेकवला, आणि तो हात त्या क्षणी मला फार चांगला वाटला.

मी बंद यंत्र दोन्ही हातांत धरलं आणि खेळायला लागलो.

"साहब," ते थोड्या वेळानं म्हणाले, "ये तो बंद है."

"मालूम है."

"फिर?"

"नदी पतली हो रही है. बोलो मत."

ते खुर्ची ओढून बसले. मी डावीकडे वळलो, जहाज उडवलं, इंधन भरलं. अंगठे दुखेपर्यंत बटणं दाबली. काळ्या पडद्यात माझं तोंड दिसत होतं, खालचा ओठ घट्ट मिटलेला. शिपायानं दारातून पाहिलं आणि तो निघून गेला. शाखेत माझ्याबद्दल काय बोललं गेलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

"कुछ गिराया?" कॅशियर म्हणाले.

"दो जहाज."

"एक हेलिकॉप्टर भी गिरा दो, हमारे नाम का."

मी पाडलं. ते हसले, आणि हसता हसता त्यांनी हात झटकला. तंबाखू टेबलाखाली गेली. त्यांनी ती मुद्दाम टाकली की हसण्यात सांडली, हे सांगता येणार नाही. त्यांनी सोडली वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी अकराला ते खिडकीशी उभे राहून मळत होते, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्यापुरती ती मोठीच गोष्ट होती.

सहा आठवडे झाल्यावर बायको बरोबर आली. डॉक्टरांनी ओठ ओढला, दिवा घेतला. डाग बराच विरला होता, पण एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढा राहिला होता. "ये कोना मुझे पसंद नहीं," ते म्हणाले. तुकडा काढला, टाका घातला आणि आठवड्यानं या म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात मी विटांच्या खेळात पूर्वी कधी न गाठलेली पातळी गाठली. जेवण पातळ, बोलणं कमी. बायकोनं रात्रीच्या बातम्यांचा आवाज रोज थोडा मोठा ठेवला.

आठव्या दिवशी संध्याकाळी अहवाल आला. डॉक्टरांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि म्हणाले, "कुछ नहीं है. ठीक है." पुन्हा सुरू केली तर मात्र त्यांच्याकडे यायचं नाही, असंही बजावलं. दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं ठरलं. बायकोनं त्यांना नमस्कार केला. मी जिना उतरलो.

खाली रस्त्यावर राजा पार्कची संध्याकाळ भरात होती. पाणीपुरीवाल्याभोवती कडं पडलं होतं, साड्यांची दुकानं लखलखत होती. आणि तिथे, शेवटच्या पायरीवर, मला तलफ आली. इतक्या आठवड्यांत आली नव्हती अशी. बावीस वर्षं प्रत्येक चांगली बातमी मी चिमूट लावूनच साजरी केली होती. बढती, मुलीचा जन्म, साताऱ्याच्या घराच्या दाव्याचा निकाल. अंगठ्याला वाटलं, आपलीच वेळ आली. पानाची टपरी समोर दहा पावलांवर होती.

मी पायरीवर बसलो आणि यंत्र काढलं.

"अहो, इथे?" बायको म्हणाली. "माणसं बघतायत."

"चार मिनिटं."

तिनं टपरीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. पदर सावरून ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, पाकिटातून अहवाल काढला आणि रस्त्यावरच्या दिव्यात पहिल्यापासून वाचायला लागली.