मारिसेलला खुर्ची देऊ नका

कोल्ड रूममधल्या चौथ्या बॉक्सचं झाकण मी उघडलं आणि लगेच परत लावलं. पहिल्या तिन्हींत जे दिसलं तेच यातही होतं. हिरव्यागार केळ्यांवर देठाकडून खाली ओघळलेल्या काळ्या रेघा. माझ्या शेजारी मारिसेल उभी होती. तिनं पाचवा बॉक्स स्वतः उघडला, मग सहावा. मग शांतपणे म्हणाली, "कंटेनर थांबवा."

मी फैजपूरजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. पॅकहाऊस म्हणजे बागेतून आलेली केळी धुऊन, निवडून, बॉक्समध्ये भरून परदेशी पाठवण्याची जागा. मारिसेल फिलिपिन्सची. तिकडे केळी एक्स्पोर्ट करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आमच्या मालकांनी, ज्यांना सगळा परिसर नाना म्हणतो, तिला दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आणलं होतं. हा प्रसंग घडला तेव्हा तिला येऊन सात आठवडे झाले होते. जानेवारी चालू होता.

काळ्या रेघा म्हणजे चिकाचे डाग. घडापासून फणी कापून वेगळी केली की कापलेल्या जागेतून पांढरा चीक गळतो. तो ओला असताना दिसतही नाही. सुकला की काळा पडतो आणि मग घासूनही जात नाही. म्हणून कापलेल्या फण्या तुरटीच्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. चीक पाण्यात गळून जातो. किती वेळ ठेवायच्या हे मारिसेलनं आल्याआल्या ठरवून दिलं होतं. पंधरा मिनिटं. तिच्याकडे ते बरोबरच होतं.

आपल्याकडेही एरवी ते बरोबर असतं. पण कापणीच्या आदल्या दिवशी बागेला पाणी भरलेलं असेल तर फळ टम्म होतं आणि चीक नळ सोडल्यासारखा गळतो. अशा मालाला टाकीत दुप्पट वेळ लागतो आणि पाणीही मधेच बदलावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. टाकीवर काम करणाऱ्या बायकांना मात्र सुरी लावल्याबरोबर कळतं.

मी सगळ्या बायकांना टाकीपाशी बोलावलं. माझं माहेर भडगावचं. राग आला की मी अहिराणीत जाते. "बठ्ठास्ले माहीत व्हतं, मंग कोनी काबर नही सांगं?"

सगळ्यांना ठाऊक असून कोणीच का सांगितलं नाही, याचं उत्तर द्यायला कोणी वर बघेना. इंदूअक्का टाकीवरच्या सगळ्यात जुन्या. केळ्याला हात लावून बाग कोणाची ते सांगतील अशा. शेवटी त्याच बोलल्या.

"माहीत होतं व ताई. पन पाव्हनीले कसं टोकाव? येवढ्या लांबून आली बिचारी."

मी मारिसेलला इंग्रजीत सांगितलं. शक्य तितकं मऊ करून सांगितलं, पण तिला कळायचं ते कळलं. तिनं इंदूअक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, "आणि तुला?"

आता खरं सांगायला हवं. मलाही माहीत होतं. गेटवर प्रत्येक ट्रॅक्टरची स्लिप बनते, त्यात शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहिलेलं असतं. ती स्लिप माझ्या सहीनंच आत जाते. हा माल आला त्या सकाळी त्यावर आदल्या दिवशीचं पाणी मी वाचलं होतं, टाकीकडे बघितलंही होतं, आणि मनात म्हटलं होतं, असू दे, एवढी मोठी तज्ज्ञ बाई, चारचौघींत आपण कशाला बोला. वर त्याला मी शिष्टाचार असं नाव देऊन मोकळी झाले होते.

"मलाही," मी म्हणाले.

तिनं माल बाहेर काढायला लावला, लोकल मार्केटच्या गाडीत भरायच्या सूचना दिल्या आणि खोलीवर निघून गेली. दुपारी नानांना तिचा मेल आला. महिन्याअखेर मला मोकळं करा.

नाना माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांना मालाचं दुःख होतं, पण त्याहून जास्त हे की पाहुणी नाराज झाली. "काय कमी पडलं तिले?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "सांग ना, आपुन आनून देऊ." कमी काहीच पडलं नव्हतं, हे त्यांना कसं समजावावं ते मला तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. नानांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तिची राहायची सोय होती. पलंगावर बॅग उघडी पडली होती. टेबलावर नानांच्या घरून आलेला चार पुडांचा डबा, अजून न उघडलेला. तिनं मला बसायला सांगितलं आणि मग एकदम बोलायला लागली. सात आठवड्यांत तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, इथे माझा कप मला धुऊ देत नाहीत. कपडे मी उठायच्या आत कोणीतरी नेतं. सात आठवड्यांत मी एकदाही भात लावलेला नाही. बाजारात जाते म्हटलं की गाडी येते. दुकानात गेलं की मला खुर्ची देतात, थंड पाजतात आणि ड्रायव्हर वस्तू आणतो. या गावात मीठ कुठे मिळतं ते मला माहीत नाही. सगळे इतके चांगले वागतात की तक्रार कशाची करू? आणि आज समजलं की मी चुकत होते आणि तुम्ही सगळे हसून बघत होता.

"हसून नाही," मी म्हणाले.

"मला काय फरक पडतो?" ती म्हणाली. मग बॅगेवर ठेवलेला फोन तिनं उचलला आणि मला तिच्या मुलीचा फोटो दाखवला. नऊ वर्षांची. आजीकडे ठेवून आली होती. जूनमध्ये तिला इकडच्या शाळेत घालायचं असा विचार होता, म्हणून तर दोन वर्षांची सही केली. "तिला इथे आणून काय सांगू? खुर्चीवर बसून राहा म्हणू?"

मला गलबलून आलं. कारण ती खुर्ची मला चांगली ठाऊक होती.

लग्न होऊन मी भडगावहून फैजपूरला आले. अंतर ते किती, पण बोली वेगळी, भाजीची फोडणी वेगळी, लुगड्यातल्या बायकांच्या हसण्याची कारणंसुद्धा वेगळी. पहिला महिनाभर मला कोणी झाडू उचलू दिला नाही. सासूबाई आपल्या हातानं वाढायच्या. मी पाटावर बसून गोड हसायचे आणि न्हाणीघरात जाऊन रडायचे. मग एका सकाळी मी कळण्याची भाकरी थापायला घेतली. ज्वारी-उडदाच्या त्या पिठाचा अंदाज मला नव्हता, भाकरी तव्यावर पडता पडता दोन तुकडे झाली. सासूबाई खेकसल्या, "माहेरी हेच शिकवलं का?" मी पुन्हा रडले. पण त्या दिवशी त्यांनी मला पुरुषांबरोबर आधी जेवायला बसवलं नाही. सगळ्या बायकांबरोबर मागून बसले, चुलीपुढे, एकाच ठेच्यात बोटं घालत. मी त्या घरची झाले ती त्या दिवशी.

हे मी मारिसेलला सांगितलं. म्हणाले, आमच्याकडे पाहुण्याला काम सांगत नाहीत आणि चूक दाखवत नाहीत. ज्याच्यावर ओरडतात तो घरचा. तुझ्यावर अजून कोणी ओरडलं नाही, ही आमची चूक आहे. मला पंधरा दिवस दे.

तिनं विचारलं, "ओरडण्यासाठी पंधरा दिवस लागतात?"

लागतात. दुसऱ्या दिवशी मी नानांशी बोलले. डबा बंद, गाडी बंद, वरच्या खोलीत गॅस आणि दोन पातेली. नानांच्या बायकोला हे फार लागलं. आपल्या हातचं तिला आवडत नाही असा त्यांनी अर्थ काढला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मारिसेल बाजारात चालत गेली. दुकानदारानं सवयीनं खुर्ची पुढे केली, तिनं ती बाजूला सारली आणि मीठ स्वतः शोधलं. तांदूळ मात्र तिला चिकट हवा होता, तो मिळाला नाही. त्या दिवशी तिनं खिचडीचा तांदूळ जास्त पाणी घालून शिजवला आणि तो खाण्यासारखा झाला नव्हता असं तिनंच सांगितलं.

टाकीवर मात्र माझी डाळ शिजेना. मी बायकांची मीटिंग घेतली. सांगितलं, मॅडम चुकल्या तर तिथल्या तिथे बोलायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघत उभी राहिले. मारिसेलनं एक टब चुकीच्या बाजूला लावायला सांगितला आणि इंदूअक्कांनी तो मुकाट्यानं लावला. वर हसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तोंडच उघडत नही व ताई. काय करू?" त्यांचा दोष नव्हता. मीटिंग घेऊन कोणाच्या जिभेची सवय सुटत नाही.

पंधरावा दिवस जवळ आला आणि आमची भरीत पार्टी आली. थंडीत एकदा सगळा स्टाफ नानांच्या शेतात जमतो. बामणोदची मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ. वांगी भाजून, सोलून लाकडाच्या बडगीत कुटतात. बडगी म्हणजे भरीत कुटायची लाकडी उखळी, उथळ आणि लांबट. कुटण्याचं काम घरच्याच बाईचं. पाहुणा जाळापासून लांब बसतो आणि वास घेतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा लिंबाखाली प्लास्टिकची लाल खुर्ची मांडलेली होती. त्यावर टॉवेलसुद्धा टाकला होता. मारिसेलनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जाऊन त्या खुर्चीत बसले. नानांनी डोळे मोठे केले, पण बसलेल्या बाईला उठवणार कोण? दुसरी खुर्ची नव्हती. मग मी इंदूअक्कांना हाक मारली आणि म्हटलं, मुसळ तिच्या हातात द्या.

इंदूअक्कांनी ते असं दिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली होती.

मारिसेल उकिडवी बसली. बाई कामाची होती, पण वांगी कुटणं आणि भात कुटणं यात फरक असतो. तिनं दोन्ही हातांनी मुसळ उचललं आणि दाणदिशी आदळलं. पहिल्या घावाला बिया उडाल्या. दुसऱ्याला तिखटाचं पाणी एका बाईच्या लुगड्यावर. बायका पदर तोंडाला लावून बसल्या. तिसरा घाव, चौथा. इंदूअक्का बघत होत्या. त्यांचा उजवा हात आपोआप हलत होता. एवढी चांगली वांगी, कोवळ्या मिरच्या, कांद्याची पात, आणि समोर त्याचा लगदा होत चाललेला. पाचव्या घावाला त्यांना राहवलं नाही.

"ओ माय, चिखल करशीन का त्याचा? हात हलका ठेव. सरक तिकडं!"

आणि त्यांनी तिच्या हातातून मुसळ ओढून घेतलं.

 इंदूअक्कांच्या लक्षात आलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मारिसेलला शब्द एकही कळला नव्हता. पण ओरडा कुठल्याही भाषेतला असो, तो कळतो. तिनं इंदूअक्कांच्या हाताकडे बघितलं, त्यांच्यासारखं मनगट सैल सोडलं आणि मुसळ परत मागितलं. इंदूअक्कांनी थोडा विचार केला, दिलं, आणि तिच्या मनगटावर आपला हात धरून ठेवला. भरीत जरा जास्तच बारीक झालं होतं. तरी सगळ्यांनी खाल्लं. वाढताना मारिसेलला कोणी वेगळं ताट दिलं नाही. जागाच नव्हती, ती बायकांच्या गराड्यात मांडी घालून बसली होती. मी खुर्चीवर एकटी जेवले आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी आदल्या दिवशी पाणी दिलेल्या बागेचा माल आला. स्लिप मी वाचली आणि टाकीपाशी जाऊन उभी राहिले. यावेळी मी बोलणार होते. पंधरा मिनिटं झाली. मारिसेलनं घड्याळ पाहिलं आणि फण्या बाहेर काढायची खूण केली. माझं तोंड उघडायच्या आत इंदूअक्कांनी ओला हात तिच्यापुढे आडवा धरला.

"नही. अजून नही."

मारिसेल थांबली. त्यांनी एक फणी उलटी करून तिला दाखवली. कापलेल्या जागेवर दुधासारखा थेंब अजून फुगत होता. मारिसेलनं बोट लावून बघितलं आणि हातातल्या कागदावर पंधरा खोडून प्रश्नचिन्ह काढलं. मग दोघी टाकीच्या कडेला उभ्याउभ्याच वाट बघत राहिल्या. तो माल स्वच्छ गेला.

नंतर तो कागद लॅमिनेट होऊन टाकीवर लागला. त्यात वेळेच्या पुढे आता लिहिलंय, टाकीवरची बाई हो म्हणेपर्यंत. ऑडिटला आलेल्या साहेबांनी हे शास्त्रीय नाही असा शेरा मारला. मारिसेलनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि थंड पाजलं.

तिनं मेल मागे घेतला तो नानांना न सांगता, नुसतं कामावर येत राहून. जूनमध्ये मुलगी आली. मी भेटायला म्हणून पेढे घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. मारिसेल गॅसपाशी होती, तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलंही नाही. "उशीर केलास," म्हणाली, आणि पायानं कांद्यांची पाटी माझ्याकडे सरकवली.