धाकटीच्या आवाजातली चाळीस वाक्यं

थोरलीच्या हातांची कातडी सोलून निघायची. बारा वर्षं ती इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं धूत होती. कढत पाणी, झोंबणारं औषध आणि दिवसाला शंभरेक ट्रे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक वर्ष हे काम केलंत तर बोटं वाकायची नाहीत. सुटकेची वाट एकच होती, आत ट्रे मांडणारीची जागा. काम कोरडं, पण तिथला सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून आधी परीक्षा. सुटे शब्द थोरलीला पाठ होते. वाक्यात कुठला शब्द कुठे बसवायचा, तिथे घोडं अडायचं.

घरात इंग्रजी येणारी एकच, तिची धाकटी जाऊ. शिकवण्या घ्यायची आणि त्या जोरावर घरभर मिरवायची. साधं पत्र आलं तरी सासूबाई आधी तिच्याकडे धावायच्या. थोरलीही इंग्रजी बोलायला लागली तर आपल्याला कोण विचारणार? म्हणून थोरलीने नाक मुठीत धरून मदत मागितली तेव्हा धाकटीच्या पोटात दुखलं. ओठांवर मात्र साखर.

"अहो ताई, त्यात काय! चाळीस वाक्यं बोलून देते तुमच्या फोनमध्ये. पुस्तकात डोकं घालू नका, नुसतं ऐका आणि म्हणा. कानाला वळण लागलं की झालं."

थोरलीने तीन महिने ऐकलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, सदा कानात इअरफोनची वायर. सासूबाई करवादायच्या, "ही भिंतीशी बोलायला लागली की काय!" दुपारी धाकटी शिकवणीला गेली की थोरली ओट्यावर एकेका शब्दाला एकेक चमचा मांडून वाक्य मोठ्याने म्हणायची. धाकटीची पाच वर्षांची लेक, सगळ्यांची भिंगरी, तिच्या मागोमाग तेच म्हणायची.

परीक्षेत सुट्या इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या आल्या, त्या जुळवून दहा वाक्यं लावायची होती. थोरलीने दहाही वाक्यं न अडखळता मांडली. मुख्य नर्सने ती दोनदा पाहिली.

"बाई, अंदाजाने मांडणाऱ्यांचीही दोन-तीन बरोबर येतात. तुमचं एकही नाही. इतकं नेमकं चुकायला कोणीतरी शिकवावं लागतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण भांडून उपयोग काय? धाकटी म्हणणार, मी बरोबरच बोलले होते. आणि खरंखोटं करायला घरात इंग्रजी येत होतं कोणाला? थोरली पुन्हा कढत पाण्यात हात घालू लागली. धाकटीशी मात्र एक शब्द बोलली नाही.

पंधरा दिवसांनी भिंगरीच्या शाळेतून बोलावणं आलं. शिकवणीच्या बाईंची लेक, पण तिचं इंग्रजीतलं एक वाक्य सरळ नाही! सुधारायला गेलं की रडते, म्हणते आमच्या काकूचंच बरोबर. हे ऐकायला तिथे धाकटीच्या दोन विद्यार्थ्यांच्या आयाही बसलेल्या. धाकटी तणतणत घरी आली तेव्हा सगळे जेवत होते.

"हिने माझ्या पोरीचं वाटोळं केलं! स्वतःला अक्कल नाही आणि निघाली शिकवायला!"

"मी म्हणतच होते," सासूबाईंनी री ओढली.

थोरलीने हात धुतले, फोन आणला, वायर उपटून काढली आणि आवाज पूर्ण मोठा केला. पहिलं वाक्य वाजलं.

भिंगरी ताटावरून उठलीच. "आई! हा तर तुझा आवाज! काकू हेच तर म्हणते!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. धाकटीने फोनवर झडप घातली. थोरलीने तिचं मनगट सोललेल्या बोटांनी घट्ट धरलं. बोटांची आग आग होत होती, तरी तिने सोडलं नाही.

"बस खाली," ती म्हणाली. "अजून एकोणचाळीस आहेत."