दगडूबाईंच्या जागेवरचं चर्च

बाईंना जाऊन आज एक वर्ष झालं. मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

करणारही नाही.

मनोरमाबाई. आमच्या संडे स्कूलच्या बाई.

भूम तालुक्यातली आमची प्रेस्बिटेरियन मंडळी छोटी, तीसेक घरांची. एल्डर, म्हणजे मंडळीनं निवडलेले वडीलधारे, म्हणतील ते फायनल. आणि त्यांच्या बैठकीत जो जे बोलेल ते सगळं मिनिट्स बुकात लिहायचं, ही जुनी शिस्त.

चर्चच्या दारावर संगमरवरी पाटी आहे. संस्थापक म्हणून मोठ्या एल्डर साहेबांच्या आजोबांचं नाव.

बाई त्या पाटीबद्दल एकदाच बोलल्या. एल्डरांच्या बैठकीत, उभं राहून.

"गावात कुणी जागा देईना, तवा माझ्या मायनं राहतं घर मोडून जागा दिली. दगडूबाई तिचं नाव. तेबी पाटीवर लिवा. मला दुसरं काय नको."

त्यांना बाहेर जायला सांगितलं. मग निरोप आला की मंडळीत फूट पाडल्याबद्दल माफी मागा, तोवर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, बंद.

बाईंनी माफी मागितली नाही. चर्चला येणंही सोडलं नाही.

सहा वर्षं.

भाकर आणि प्याला प्रत्येक बाकावर फिरायचा आणि बाईंना टाळून पुढं जायचा. ज्यांना त्यांनी वाचायला शिकवलं ते आम्ही खाली मान घालून खात होतो. त्यात मीही होते. त्याबद्दल मी स्वतःलाही सोडलेलं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी, कुणी गेलं की वाजते ती चर्चची घंटासुद्धा वाजवू दिली नाही.

आता गंमत ऐका.

यंदा मंडळीचा इतिहास छापायचं ठरलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं जुनी मिनिट्स बुकं मला दिली.

"पोरी, तुझं टायपिंग चांगलं हाय. नीट कर. एक अक्षर सोडू नको."

नाही सोडलं, साहेब.

बाई बाहेर गेल्यावर तुम्ही काय बोललात, तेही आपल्या इमानदार सेक्रेटरींनी लिहून ठेवलंय.

"अध्यक्षांनी सांगितले की बाईंचे म्हणणे खरे आहे, जागा दगडूबाईंचीच होती. परंतु पाटी बदलल्यास आमच्या घराण्याची बेअब्रू होईल. सबब हे इतिहासात घेऊ नये."

खाली सगळ्या एल्डरांच्या सह्या. पहिली तुमची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून सहा वर्षं तुम्ही त्या बाईला उपाशी बसवलंत.

ते पान जसंच्या तसं पुस्तकात घेतलंय. प्रूफ तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही फक्त स्वतःचा फोटो बघितलात आणि ओके म्हणालात.

पुस्तकं काल संध्याकाळीच घरोघर पोचली. मला फोन करू नका, उचलणार नाही.

रविवारी तुमच्याच हस्ते प्रकाशन आहे. इस्त्रीचा कोट घालून या. मी समोरच बसणार आहे.

बाई, हे पान तुम्हाला दाखवता आलं नाही, एवढंच मला लागून राहिलंय.

दगडूबाईंच्या लेकीला तिच्या विद्यार्थिनीची, फार उशिरानं, श्रद्धांजली.

तुमचं म्हणणं खरं होतं, बाई. आता ते छापून आलंय.