कबड्डीतल्या ताईंचं काल्याचं कीर्तन

कॉलेजात असताना जालन्याच्या मैदानावर मी तिला चढाई करताना पाहिलं होतं. तेव्हा ती देशाकडून खेळून आलेली. समोरच्या मुलींनी साखळी करून घेरली तरी ती त्यांच्या हातांखालून सुटायची आणि मध्यरेषेवर अंग टाकायची. पुढे तिचा गुडघा गेला एवढं पेपरात वाचलं आणि मी तिला विसरलो.

मागच्या वर्षी केदारखेड्याला, माझ्या सासुरवाडीला, सप्ताह होता. वेशीवरच्या बॅनरवर तिचा फोटो! काल्याचं कीर्तन तिचं. एरवी मी ऑफिसचं निमित्त सांगून पंगतीच्या वेळेलाच पोचणारा जावई. त्या दिवशी सकाळीच मंडपात जाऊन बसलो.

पांढरी साडी, खांद्यावर उपरणं, आवाज खणखणीत. दवाखान्यात पडल्या पडल्या आपल्याला देवाची हाक ऐकू आली, असं तिनं सांगितलं तेव्हा सगळा मंडप टाळ्यांनी भरला. मी मात्र तिच्या पायांकडे बघत होतो. ज्या अंगाला फक्त झेप माहीत, ते एका जागी इतका वेळ कसं उभं राहतं?

जेवणानंतर तिची विश्रांतीची सोय सासऱ्यांच्याच घरी होती. मला राहवलं नाही.

"ताई, ती हाक खरंच ऐकू आल्ती का हो?"

सासूबाईंनी माझ्यावर डोळे वटारले. ती हसली.

"इतकं सरळ न्हाई झालं, दादा. दवाखान्यातून आले अन् देवघराचं दारच लावून घेतलं मी. त्याच्याशी बोलायचंच न्हाई म्हणलं. लई दिवस तसेच गेले. मंग एकदा भजनाला टाळ धरायला बाई कमी पडली, आईनं मला बळंच नेलं. अभंग उचलला, तर बाकीच्यांचा श्वास तुटला अन् माझा पुरला. कबड्डीचा दम होता तो. वाटलं, आपलं काहीतरी अजून चालू आहे."

"मंग मंडपात हाक का सांगता?"

"ती हाकच असंल की. पण लोकांना दवाखान्यातली जल्दी पटते."

तेवढ्यात शाळेच्या मैदानावरून मुलींचा 'कबड्डी कबड्डी' असा गलका आला. ती उठून ओट्यावर गेली, बघत राहिली, आणि उपरणं सासूबाईंच्या हातात देऊन पदर खोचायला लागली.

सप्ताहाच्या कमिटीत असलेले सासरे घाबरले. "ताई, आत्ताच कीर्तन झालं तुमचं. लोक काय म्हणतील? अन् गुडघा?"

"पाच मिनिटं, काका."

आम्ही सगळे मागोमाग मैदानावर गेलो. तिनं रेषा ओलांडली आणि बघता बघता दोन मुली बाद केल्या. तिसरीकडे वळली तशी कोपऱ्यातल्या एका काटकुळ्या मुलीनं खाली झेपावून तिचा घोटा धरला. बाकीच्या वरून पडल्या.

"अगं पोरींनो, सोडा त्यांना!" सासरे धावले.

त्या ढिगाखालून आवाज आला, "सोडू नका! घट्ट धरा!"

ती उठली तेव्हा साडी मातीनं माखलेली आणि पाय लंगडत होता. चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला सकाळी मंडपात दिसला नव्हता. तिनं त्या मुलीला जवळ बोलावलं. "पकड कुणी शिकवली गं?"

"कुणीच न्हाई. मीच करून राह्यले."

ताईंनी तिथूनच जालन्यातल्या एका प्रशिक्षकांना फोन लावला. मुलीच्या बापाशी बोलणं सासऱ्यांवर सोपवलं. तो मेंढ्या राखणारा माणूस, आधी बिलकुल तयार नव्हता. सासरे दोनतीनदा त्याच्या घरी जाऊन बसले, तेव्हा कुठे हो म्हणाला.

यंदाच्या सप्ताहात ताई पुन्हा आल्या. दवाखान्यातली हाक त्यांनी या वेळी सांगितलीच नाही. रुसून बसल्याचं आणि आईनं ओढत भजनाला नेल्याचं सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. बायकांच्या बाजूला मात्र कुणी हललं नाही, आणि नंतर कितीतरी जणी त्यांच्याभोवती बोलत बसल्या होत्या. काय बोलत होत्या ते ऐकायची मला फार इच्छा होती, पण बायकोनं हात धरून पंगतीत नेलं.

ती काटकुळी मुलगी आता आमच्या जालन्यात सरावाला असते. रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि माझ्यापेक्षा जास्त भाकरी खाते. ताईंच्या कीर्तनाला चलतेस का म्हटलं, तर म्हणते, "तिथं लई वेळ बसावं लागतं."