गळ्यापर्यंत रोवलेला जरबेरा

फुलचूरच्या आमच्या घरातली एक खोली मी सरळ बळकावली. कुकरमध्ये बाटल्या उकडायच्या, चिमटा ज्योतीवर तापवायचा आणि जरबेऱ्याच्या एका कोंबाचे तुकडे बाटलीतल्या जेलीत वाढवायचे. एका झाडाची शेकडो झाडं! पाहुणा आला की मी जादूगारासारखा पडदा सरकवायची.

माझ्या थोरल्या भावाला ही जादू पटेना. कामठ्याला वडिलांच्या शेतातली एक बांधी, बांधांमधला धानाचा एक तुकडा, त्यानं मला दिली, तीही अटीवर.

"महिन्याभरात निम्मी रोपं जगली नाही, तर मी तिथं उन्हाळी धान लावीन. लोकं का फुलं खाऊन राहिले?"

"आणि जगली तर बांधी माझी, दादा." वडिलांची लेक मीही होतेच की!

शेडनेटखाली वाफे केले, लावायला धानाच्या रोवणीतल्या बाया बोलावल्या आणि मी रोपांचे उरलेले ट्रे आणायला फुलचूरला गेले. परत येऊन पाहते तर काम खलास! बायांनी रोपांच्या मुळांभोवतीचा नारळाचा भुसा खळखळून धुतला होता, पेंड्या बांधल्या होत्या आणि उलट्या पावली सरकत तीन-तीन रोपं एकत्र, अंगठ्यानं दाबून, गळ्यापर्यंत रोवली होती. अगदी धानासारखी.

"झालं नं बाई झटपट?" त्यांच्यातली म्हातारी खुशीत म्हणाली.

जरबेऱ्याचा कोंब मातीत गेला की रोप सडतं. बांधावरून दादा खदखदला, "मस्त लागला तुझा धान!"

मी ओढणी कमरेला बांधली. "उपटा सगळं."

"काऊन? रोवलेलं उपटाचं?" म्हातारी भडकली. "पयले सांगाचं होतं नं!"

"चुकलं माझं, आजी. एकेक रोप सुटं लावा. कोंब वर पाहिजे."

ती पुटपुटत वाकली. मीही चिखलात गुडघे टेकले. दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळं पुन्हा लावलं.

महिन्यानं दादा मोजायला आला. सुकलेलं पान दिसलं की म्हणायचा, "हे मेलं."

"पान मेलं. आत कोंब बघ. नीट वाक!"

मी त्याला माझा चष्मा दिला, प्रत्येक वाफ्यापाशी उकिडवं बसवलं. शेवटचा वाफा मोजून झाला तेव्हा एकूण निम्म्याच्या वर सात रोपं जगलेली निघाली.

"सातच," तो म्हणाला.

"सात पुरे."

मी त्याला हात धरून बाहेरपर्यंत सोडलं आणि जाळीच्या फाटकाला माझं कुलूप लावलं.