वहिनीचे तीन ग्लास

माझी वहिनी सव्वीस वर्षं व्हिस्कीच्या कारखान्यात नोकरीला होती आणि त्या सव्वीस वर्षांत तिने व्हिस्कीचा एक घोटही गिळला नाही. हे मी लोकांना सांगत आलोय आणि लोक मला डोळा मारत आलेत. "चैन आहे बुवा तुझ्या वहिनीची." चैन कसली डोंबलाची. सकाळी नऊ ते एक, पांढरा कोट घालून, दार लावलेल्या खोलीत बसायचं. पाणी घातलेले चाळीस नमुने हुंगायचे, त्यातले काही जिभेवर फिरवून थुंकायचे आणि वहीत प्रत्येकापुढे एक शब्द लिहायचा. ग्लास निळ्या काचेचे, आतला रंग दिसू नये म्हणून. रंग दिसला की डोळे नाकाला फितवतात, असं ती म्हणायची.

तिचे शब्दही कसे, तर साबण. कापलेलं सफरचंद. नवी चप्पल. ओला पुठ्ठा. त्यापुढे मंजूर किंवा नामंजूर आणि सही. लोक ज्या बाटल्या ऐटीत काखोटीला मारून घरी नेतात, त्यातला थेंबन् थेंब आधी माझ्या वहिनीच्या नाकाखालून गेलेला असे. बाटलीवर मात्र नाव मालकाच्या पणजोबांचं आणि चित्र त्यांच्या मिशांचं.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी आठवीत होतो. महिनाभरातच मी आयुष्यातली पहिली सिगारेट ओढली, वर पेपरमिंटच्या चार गोळ्या खाल्ल्या, हात दोनदा धुतले आणि साळसूदपणे स्वयंपाकघरात गेलो. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, जिन्यात नका ओढू, वास वर येतो." दादाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तिचा झालो तो झालोच. लग्न केलं नाही. खाली तसबिरींना फ्रेम करून द्यायचं दुकान, वरच्या खोलीत मुक्काम आणि जेवण वहिनीच्या हातचं.

आता त्या मॅनेजरबद्दल सांगतो, आणि शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो. गेल्या वर्षी तो कारखान्यात आला. पहिल्याच दिवशी अंगावर सेंट फवारून वहिनीच्या खोलीत शिरला. जिथे कामावरच्या बायका डोक्याला तेलसुद्धा लावून येत नाहीत, त्या खोलीत. वहिनी त्याला म्हणाली, "साहेब, बाहेर उभे राहून बोला." मला वाटतं, बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालं.

गोदामाच्या टोकाला, गळक्या नळाखाली तीन पिपं होती. चारशे सोळा, सतरा आणि अठरा. आत बारा वर्षं मुरलेला माल. वहिनीने तिन्हींपुढे लिहिलं, "ओलं पोतं. नामंजूर." मॅनेजर म्हणाला, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच लिहिलं. आठवड्याने तिसऱ्यांदा तेच. बारा वर्षांचा माल एका बाईच्या दोन शब्दांवर ओतून द्यायचा, हे त्याच्या पचनी पडेना.

चाखणाऱ्यांची परीक्षा घ्यायची एक पद्धत असते. समोर तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच व्हिस्की, एकात वेगळी. वेगळा कुठला ते ओळखायचं. वहिनीने असल्या परीक्षा शेकड्यांनी दिल्या होत्या, नवख्यांच्या घेतल्याही होत्या. त्या दिवशी मॅनेजरने स्वतः ग्लास भरून आणले आणि दोन शिकाऊ पोरींच्या देखत तिच्यासमोर ठेवले. ती दहा मिनिटं हुंगत राहिली. मग म्हणाली, "मला तिन्ही एकच वाटतात." मॅनेजर हसला म्हणे, अगदी गोड. "मधला वेगळा होता, मॅडम. वयानुसार होतं असं."

सव्वीस वर्षांचा निकाल दहा मिनिटांत लागला. दोन वर्षं शिल्लक असताना तिला सन्मानाने निवृत्त केलं. सन्मान म्हणजे काय, तर मखमली खोक्यात सहा निळे ग्लास. ज्यांच्या साक्षीने नापास केलं तेच हातात दिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चपला घालून निघालोच होतो, वहिनीने दारात अडवलं.

"तो खोटं कशाला बोलेल, भाऊजी?" ती म्हणाली. "तीन ग्लासांत कुणी खोटं बोलत नाही."

ती अशी होती. त्या खोलीत माणसं एकमेकांशी भांडली असतील, एकमेकांच्या बढत्या खाल्ल्या असतील, पण ग्लासांच्या बाबतीत सव्वीस वर्षांत कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तेव्हा चूक असेल तर नाकाचीच, असं तिने ठरवून टाकलं. आणि मीही ते मानलं. लिहायला लाज वाटते, पण मानलं.

पुढचे आठ महिने घराकडे नुसतं बघवत नव्हतं. आधी ती विचारायची, "भाऊजी, ही आमटी आंबलीय का बघता?" मग विचारणंही बंद झालं. एकदा ती चुलीपाशी बसलेली असताना भाजी करपून कोळसा झाली. दादा म्हणाला, "वास नाही आला?" ती म्हणाली, "आला होता. पण माझ्या नाकाचं काय खरं?" दादा पंप दुरुस्त करतो आणि दिवसाला चार वाक्यं बोलतो. तो दोनांवर आला. मी रोज सकाळी ती उठायच्या आत खाली येऊन दुधाचं पातेलं हुंगून ठेवायला लागलो, नासकं दूध तिच्या हातून चहात जाऊन तिला आणखी लागायला नको म्हणून. तिच्या नकळत करतोय, अशी माझी समजूत होती.

आता आमच्या व्हिस्कीच्या बैठकीचं सांगतो. मी आणि माझे दोन मित्र दर दोन महिन्यांनी जमतो. एक दातांचा डॉक्टर. दुसऱ्याला आम्ही प्राध्यापक म्हणतो. तो मोटार चालवायला शिकवतो, पण क्लच कसा सोडावा यावर पाऊण तास बोलतो. दर बैठकीला काहीतरी विषय असतो. या वेळचा विषय प्राध्यापकाने काढला: लेबलं खरं बोलतात का? पाच बाटल्या आणायच्या, प्रत्येकीवर माझा कोरा पायमोजा चढवायचा, लेबलांवरचं वर्णन चिठ्ठ्यांवर उतरवायचं आणि चाखून कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीची ते जुळवायचं. पाचही बाटल्या मी दुकानदाराला सांगून आणवल्या होत्या. मोजे चढवायचं आणि चिठ्ठ्या लिहायचं काम प्राध्यापकाकडे, त्यामुळे लेबलं त्याच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

मी वहिनीकडे ते निळे ग्लास मागितले. मखमली खोकं तिने तोवर उघडलंही नव्हतं. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने खोकं दिलं आणि वर हुकूम सोडले. "रात्री नको, सकाळी अकराला बसा, जेवणाआधी नाक ताजं असतं. दाढी केल्यावर ते काहीबाही चोपडून येऊ नका म्हणावं. आणि ग्लास मी धुईन. तुम्ही साबण लावाल."

रविवारी अकराला आम्ही माझ्या खोलीत बसलो. वहिनी कोपऱ्यातल्या नळापाशी, दादा दारात स्टूल टाकून. पहिल्या तीन बाटल्या मजेत झाल्या. डॉक्टरला सगळ्यात लवंग येत होती, तो जन्मभर लवंगेच्या तेलातच राहिलाय. चौथी ओतली आणि प्राध्यापकाने डोळे मिटले.

"ही चिठ्ठी हिचीच," तो म्हणाला आणि वाचायला लागला. "जुन्या ग्रंथालयाची शांतता. चामडी बांधणीचे ग्रंथ. दूर कुठेतरी ओलसर अरण्य." पुन्हा घोट घेतला. "अरण्य येतंय रे. पाठीमागून येतंय."

"मला लवंग," डॉक्टर म्हणाला.

आम्ही ग्लास संपवून वहिनीकडे दिले. तिच्या धंद्याची एक सवय आहे. ग्लास धुवायच्या आधी ती रिकामा ग्लास नाकाशी धरते. भरलेल्यापेक्षा रिकामा जास्त बोलतो म्हणे. त्या सकाळीही तिचा हात आपसूक वर गेला आणि तिथेच थांबला. नळ वाहत राहिला. तिने दुसरा ग्लास हुंगला, मग तिसरा.

"भाऊजी," ती म्हणाली, "ही बाटली कुठून आणलीत?"

"दुकानातून. का गं, वहिनी?"

"ओलं पोतं आहे हे." तिचा आवाज एवढासा झाला होता. "चारशे सोळा, सतरा, अठरा. नळाखालची." आणि लगेच म्हणाली, "जाऊ दे. मला काहीबाही वास येतात हल्ली."

प्राध्यापक लगेच समजवायला लागला, वहिनी, ग्रंथालय आहे ते, जुन्या कागदाला जरा कुबट वास असतोच. मी बाटलीवरचा मोजा ओढून काढला. काळं लेबल, सोनेरी अक्षरं, पणजोबांच्या मिशा. खाली बारीक अक्षरांत: खास मर्यादित माल, निवडक पिपं, क्रमांक ४१६ ते ४१८. मी ते मोठ्याने वाचलं. साध्या बाटलीच्या दुप्पट किंमत देऊन मी ते पोतं विकत आणलं होतं.

सगळी हकीकत मित्रांना ठाऊक होती. मग डॉक्टर म्हणाला, "वहिनी, ती तीन ग्लासांची परीक्षा इथे घेऊ का?"

"नको," ती म्हणाली.

"घे," दादा दारातून म्हणाला. त्या दिवसाचं त्याचं ते पहिलंच वाक्य.

डॉक्टर ग्लास घेऊन बाहेर गेला आणि भरून आणले. वहिनी खुर्चीत ताठ बसली, हात पदराला पुसले, एकेक ग्लास हुंगला. "हा वेगळा," उजवीकडचा पुढे सरकवत ती म्हणाली. बरोबर. दुसऱ्या फेरीत मधला. बरोबर. तिसऱ्या फेरीला मात्र ती थांबली. तिन्ही हुंगले, थोडं पाणी घालून पुन्हा हुंगले. तिने ग्लास खाली ठेवले, हात मांडीवर घेतले आणि शाळेत छडीची वाट बघणाऱ्या मुलीसारखी बसून राहिली.

"मला तिन्ही एकच वाटतात," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. "बरोबर. तिन्हींत एकच ओतली होती. म्हटलं, जरा गंमत करू."

तिने मधला ग्लास परत नाकाशी धरला. मग हळू म्हणाली, "मी मॅनेजरला म्हटलं होतं, मधला मला परत बघू द्या. तोवर त्याने तिन्ही ओतून टाकले होते."

मग माझा तोल गेला. त्या मॅनेजरच्या सात पिढ्या काढल्या, त्याला त्याच पोत्यात घालून नळाखाली ठेवतो म्हणालो, आत्ताच्या आत्ता जातो, त्याच्या घरी जातो. आठ महिने तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "बसा खाली." सव्वीस वर्षं चाखण्याच्या खोलीत शिकाऊ पोरींना गप्प करणारा आवाज तो. मी बसलो.

"तुमची सिगारेट सुटली का?"

दोन वर्षांपूर्वी छातीचा फोटो काढला तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं होतं, सुटली म्हणून. तिने असं मित्रांच्या देखत विचारल्यावर पहिल्यांदा मला रागच आला. मग तिच्याकडे बघितलं आणि खोटं बोलवेना.

"नाही, वहिनी."

"मला नोकरीवरून काढलं त्यानंतर महिनाभराने तुम्हाला मी विचारलं होतं. म्हटलं, दुधाच्या पातेल्याच्या काठाला रोज सिगारेटचा वास येतो. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. मी दूध हुंगतो ते तिला कळू नये आणि सिगारेटही झाकली जावी, म्हणून मी अगदी प्रेमाने म्हणालो होतो, छे गं, सुटली कधीच, तुला भास होत असेल. वर तिच्या खांद्यावर थोपटलंही होतं.

"त्या दिवशी माझी खात्री पटली," वहिनी म्हणाली. "त्या माणसाच्या सांगण्यावरून नव्हती पटली तोवर. मनात कुठेतरी होतं, चुकला असेल तो. तुम्ही सांगितलंत तेव्हा पटली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला संताप आला होता, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि तो बघायची मी आठ महिने वाट पाहत होतो. तो माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं एवढंच.

प्राध्यापकाची ग्रंथालयाची चिठ्ठी तिने उचलली, उलटी केली आणि मागे लिहिलं: चारशे सोळा ते अठरा. ओलं पोतं. नामंजूर. त्याखाली लिहिलं: तीन ग्लास, तिन्ही एकच. तारीख विचारून घेतली, सही केली आणि चिठ्ठी बाटलीच्या मोज्यात खोचली.

"उद्या नऊ वाजता मी कारखान्यात जाणार आहे," ती म्हणाली. "साक्षीला चला माझ्याबरोबर. आणि सिगारेट ओढून आलात, तर ओढून आलोय म्हणून सांगा."