फिलेमोनीचा गाल

शर्यतीचे दिवस जवळ आले की म्हातारा फिलेमोनी डोळे मिटून होडीला गाल टेकून उभा राहतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचे अर्थ घरटी वेगळे होते. पाद्रीबाबांच्या मते तो प्रार्थना करत असे. वल्हेकऱ्यांच्या मते झोपा काढत असे. त्याची मेहुणी म्हणे, "बायकोला कधी एवढं जवळ घेतलं असतं, तर..." पुढचं ती बोलत नसे. ते ऐकणाऱ्याने पुरं करावं, अशी तिची अपेक्षा असे.

होडी गावाची होती. फायबरची, चाळीसेक वल्ह्यांची फाउतासी, म्हणजे शर्यतीची लांब होडी. लांबी अशी की पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेल्या माणसाला मागच्या सुकाणूवाल्याशी भांडायचं झालं तर निरोप पाठवावा लागे. मागच्या जूनला राजधानीतली, आपियातली शर्यत हरून परतताना ती खडकाला पोटाशी घासली. सामोआत हरण्याचं दुःख चर्चमध्ये वाटून घेता येतं, भोक मात्र कोणालातरी बुजवावं लागतं. ते फिलेमोनीने बुजवलं. आता ठिगळ आणि मूळ अंग यांतला फरक मिटवायचा होता. पुट्टी भरायची, लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासायची, प्रायमर मारायचा, तोही घासायचा आणि मग हात फिरवून पाहायचं. नीट न झालेली जागा पाण्याला लगेच कळते.

तरुणपणी ऑकलंडच्या गोदीत तो हेच करत असे. बाकीचे प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासत. उंच जागी काळं निघून जाई, खळग्यात राही, आणि खळगा आपोआप दिसे. फिलेमोनी त्याला आंधळ्याची काठी म्हणायचा. त्याचा तळवाच पुरे असे. गावी आल्यावर बायको सोडली तर त्याला नावाने कोणी हाक मारली नाही. सगळे 'तुफुगा', म्हणजे उस्ताद, म्हणत. ती हाक त्याला जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकीच सवयीची झाली होती. नसती तर घास उतरला नसता.

साखरेच्या आजाराने बोटं आधी मुंग्या येऊन जड झाली, मग गप्प झाली. एकदा उकळत्या कोकोची वाटी तो दोन्ही हातांत धरून निवांत बसून राहिला आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसले. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी फणसाच्या सावलीतल्या शेडमध्ये होडीला टेकून डुलकी लागली आणि अर्धवट झोपेत त्याला कळलं, गालाला सगळं समजतंय.

तेव्हापासून हे सुरू झालं. प्रायमर लावलेलं ते मऊ राखाडी अंग गालाखालून हळूहळू सरके. की गालच सरके? थोड्या वेळाने ते सांगता येत नसे. एखादी लाट वर येण्याआधी श्वास घेते तशी वक्रता जराशी फुगे, मग लांबवर उतरत जाई. त्या उतारावर त्याला आईची ओली पाठ भेटे, ऑकलंडचं धुकं भेटे, जिच्याशी लग्न झालं नाही ती एक मुलगीही भेटे. मध्येच खळगा आला की सगळी निघून जात आणि तो खडूने खूण करी.

त्या शुक्रवारी होडीचा कप्तान आउकुसो वल्हेकरी पोरांना घेऊन आला. मागे रंगाचे डबे. रंग महिला समितीने ठरवलेला, गडद निळा, चकचकीत.

"पांढरा का नाही?" फिलेमोनीने विचारलं.

"बायांना निळा हवाय, तुफुगा. तुम्ही जाता सांगायला?"

कोणीच जाणार नव्हतं. पांढरा रंग पाद्रीसारखा, सगळ्यांची पापं पोटात घालतो. गडद चकचकीत निळा म्हणजे शेजारीण, एकही खळगा झाकत नाही.

"हात फिरवून सांगा की," आउकुसो म्हणाला. "झालं असेल तर उद्या सकाळी रोलर फिरवतो."

चाळीस जण बघत होते. फिलेमोनीने ठिगळावरून तळवा फिरवला. काही कळलं नाही. तो म्हणाला, "झालंय."

सगळे गेल्यावर त्याने गाल टेकला. ठिगळाच्या मागच्या कडेला खळगा होता. उथळ, पण होता.

संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी शंख वाजला तरी तो घरी आला नाही, तेव्हा बायको फुआतिनो शेडमध्ये आली.

"देव वाट बघतोय, आणि तू हिला विचारत बसलायस?"

"इथे हात लाव."

तिने लावला. "काय आहे?"

"खळगा."

"मला तर काही लागत नाही." तिने हात काढून घेतला. मग म्हणाली, "फिले, तुझी बोटं गेलीत ते मला त्या कोकोच्या दिवसापासून माहीत आहे. तू सांगशील म्हणून थांबले होते. तुझा स्वभाव बघता, ते ऐकायला मला शंभर वर्षं जगावं लागलं असतं."

त्याने गालाचं सांगितलं. तिला हसू आलं नाही, हे त्याला जास्त लागलं. आता प्रश्न असा होता, की खळगा खरा आहे की गालही गेला? बोटांनीही जाताना आधी सांगून जायचं सौजन्य दाखवलं नव्हतं.

सकाळी रोलर ओले व्हायच्या आत तो आडवा आला.

"थांबा. काळा फवारा मारा आधी."

"तुफुगा?" आउकुसो हसला. "आंधळ्याची काठी?"

"बोटं मेलीत माझी. दोन वर्षं झाली. काल खोटं बोललो."

वल्हेकरी ही धिप्पाड जात, तिला गप्प बसायची सवय नसते. पायांची चाळवाचाळव तेवढी झाली. आउकुसोने स्वतः फवारा मारला, वाळू दिला, फळी घेतली आणि घासायला लागला. काळं निघत गेलं. ठिगळाच्या मागच्या कडेला पिंपळाच्या पानाएवढा डाग राहिला. त्याच्या पुढे, नाळेच्या बाजूला, आणखी एक राहिला, त्याहून मोठा. त्याबद्दल गालाने अवाक्षर काढलं नव्हतं.

फिलेमोनीने दुसऱ्या डागाभोवती खडूने खूण केली. "हा मला कळलाच नाही," तो म्हणाला.

"पहिला कसा कळला मग?"

त्याने करून दाखवलं.

आउकुसोने इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकून गाल टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ उठला नाही. पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली. शेवटी तिथूनच, झोपेतून बोलल्यासारखा, म्हणाला, "अरे, ही हलतेय."

"हलत नाही," फिलेमोनी म्हणाला. "तू हलतोयस. आणि खरवडलास माझा प्रायमर. सगळ्यांनी ऐका. आज पुट्टी, उद्या रविवार. सोमवारी हात लावायला याल ते दाढी करून या."

"किती जण, तुफुगा?" मागून कोणीतरी विचारलं.

"सगळे," म्हातारा म्हणाला. "होडी लांब आहे."